सतरा कडव्यांची विदाई

फुलसिंग कारभाऱ्याच्या नातवाचं स्थळ रुचिकाला सांगून आलं, तेव्हा वरच्या तांड्यात आनंद मावेना. मुलगा पुण्यात कंप्युटरच्या कामाला, अंगापिंडानं नीट, व्यसन म्हणाल तर चहाचं. आणि सासर किती लांब, तर मधला नाला ओलांडला की खालचा तांडा. पोरीनं तिकडे मिरचीची फोडणी दिली तर इकडे माहेरी ठसका लागावा. हे राठोड, ते चव्हाण, त्यामुळे गोतही आड येत नव्हतं. रुचिकाच्या बापानं, देवलानं, त्याच दिवशी मानोऱ्याच्या बाजारातून पेढे आणून घरोघर वाटले.

एकटी रुपाबाई तेवढी गप्प होती. रुपाबाई म्हणजे देवलाची आई. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा, की तिनं शेताच्या या बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या बांधावरचा माणूस आपल्यालाच बोलावलं समजून यायचा. तांड्यातल्या कोणत्याही लग्नात पहिली ओळ तिनं उचलायची आणि बाकीच्यांनी तिच्यामागे जायचं, ही चाळीस वर्षांची रीत. अशी बाई सख्ख्या नातीच्या लग्नाच्या बोलण्यात तोंड मिटून बसली म्हणजे काहीतरी होतंच.

"फुलसिंग लय मानी मानूस हाय," एवढंच ती म्हणाली. "बैलाचं नाव काय ठेवाचं यावरून सख्ख्या भावासंगं नऊ वर्सं बोलला नाई."

"मंग आपल्याले काय त्याच्या बैलाचं बारसं कराचं हाय काय, याडी?" देवला आईला म्हणाला.

रुपाबाईनं चिमूटभर तपकीर नाकात ओढली आणि बोलणं शिंकेवर नेऊन सोडलं.

चार दिवसांनी करण आपल्या आईबरोबर मुलगी पाहायला आला. चहा झाला, पोहे झाले. पोरांना चार शब्द बोलू द्यावे म्हणून मोठी माणसं जरा बाजूला सरकली, म्हणजे दोन हात सरकली आणि कान तिथंच ठेवून बसली. रुचिका वाशिमला बी.एससी. झालेली, बोलायला घाबरणारी नव्हती. तिनं विचारलं, "काम सोडून आणखी काय करता?"

"जुने गेम उघडून पायतो," करण म्हणाला.

"खेळता?"

"खेळून त कोनीही पायते. मी आतून पायतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कितीतरी गेम थेट ब्राउझरमध्येच चालायचे. सायबर कॅफेत गेलं, पत्ता टाकला, की खेळ सुरू. पुढे ते जुनं तंत्रच कंपन्यांनी बंद केलं आणि हजारो गेम एका फटक्यात मुके झाले. ते गोळा करून पुन्हा चालते करणारी काही माणसं आहेत, करण त्यांतला एक. आणि अशा गेमच्या फायली उघडल्या की आत भलतंच काही सापडतं. बनवणाऱ्यांनी मेहनतीनं बनवलं, पण खेळणाऱ्याला कधी दाखवलंच नाही, असं.

"गेम बनवनारे लय आळशी," तो म्हणाला. "नको असलेलं फेकत नाईत. नुसतं झाकून ठेवतात. आपल्या घरी पलंगाखाली पेटी असते ना, कोनी उघडत नाई आनि कोनी टाकतही नाई, तसं."

"मग काय काय सापडलं?"

"एक तीन पायाचा बैल सापडला. चौथा पाय काढाच्या आधी चित्र काढनाऱ्याले कोनीतरी जेवाले हाक मारली असंन, तो उठला तो उठलाच."

रुचिका खळखळून हसली. रुपाबाईनं ते हसणं ऐकलं आणि ओळखलं, की पोरीनं आपल्या मनानं होकार देऊन टाकला. पाहण्याच्या दिवशी मुली हसतात ते वेगळं, हे वेगळं. इतक्या वर्षांत तिनं दोन्ही पुष्कळ ऐकली होती.

"तो बैल तुमच्याच गेममदला हाय, दादी," करण तिच्याकडे वळून म्हणाला. "'चला तांड्यावर'. त्यात अख्खं लगन झाकून ठेवेल हाय. मांडव हाय, नवरीच्या अंगावर फेटियाचा घागरा हाय, त्याच्यावरचा एकेक आरसा मन लावून काढला हाय. आनि एक गानं हाय, चौदा मिनिटांचं. फायलीवर नाव हाय, 'विदाई, रुपाबाई राठोड, पूर्ण'."

रुपाबाईच्या हातातली बशी निसटली, आणि उरलेला चहा तिच्या घागऱ्यावर गेला.

"ऐकलं तू ते?"

करणनं दोन्ही कानांना हात लावले. "नाई, दादी. ढावलो हाय तो. नवरदेवानं लगनाआधी ढावलो ऐकू नये, असं आमची याडी म्हनते. तसाच पेनड्राइव्हमधे ठेवला, उघडला नाई. पन लगनात, नवरी निघताना, मोठ्या स्पीकरवर लावू. आता ढावलो येते कोनाले? दोन्ही तांडे रडतीन."

"रडतीन त खरं," रुपाबाई म्हणाली.

आता यात घाबरण्यासारखं काय होतं, ते समजायला अकरा वर्षं मागं जावं लागेल. ज्या उन्हाळ्यात नाल्यावरचा पूल झाला, त्या उन्हाळ्यात कारंज्याचा अमान आणि त्याचे दोन मित्र कॉलेज संपवून तांड्यावर आले होते. त्यांना तांड्याचा गेम बनवायचा होता. झोपड्या बांधा, विहीर खणा, होळी पेटवा, लग्न लावा, असा. त्यांनी बैलांच्या घंटा टिपल्या, कुत्र्यांचं भुंकणं टिपलं, जात्याची घरघर टिपली. मग ते रुपाबाईच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "आजी, विदाईचा ढावलो गा."

रुपाबाईनं नाही म्हटलं. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीनं आणि तिच्या आईनं एकमेकींच्या गळ्यात पडून, सुरात रडायचं. समोर नवरी नसताना तो गायला तर ते रडणं रिकाम्या हातानं परत जात नाही, घरातल्या कुणाला तरी घेऊन जातं, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. पोरं बिचारी हिरमुसली. त्यांना बरं वाटावं म्हणून चहा देता देता तिनं विचारलं, आणखी कुठं कुठं गेलात. तेव्हा एक जण बोलून गेला, "आधी खालच्या तांड्यात गेलो होतो. फुलसिंग कारभारी म्हणाले, वरच्या तांड्यात कशाला जाता, तिथल्या बाया गात नाहीत, नुसत्या बोंबलतात."

झालं. रुपाबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. तांड्यातल्या सहा-सात बायांना हाका मारल्या. आणि ढावल्याच्या लांबलचक, रडव्या चालीवर तिनं गाळ लावली. गाळ म्हणजे लग्नाच्या पंगतीत नवरीकडच्या बायांनी व्याह्याला हसत हसत दिलेल्या शिव्या. जुन्या काळी पंगत बसली की गाळ सुरू व्हायची, आणि व्याह्याचे कान लाल झाल्याशिवाय वाढपी दुसरी पोळी वाढायला येत नसे. त्या दिवशी पंगत नव्हती, लग्न नव्हतं, व्याही नव्हता. पण नाव मात्र होतं, फुलसिंगचं, आणि तेही प्रत्येक कडव्यात.

गाळ बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत होती; मराठीत सांगायचं तर अशी कडवी होती. कारभाऱ्याची मिशी इतकी लांब, की एक टोक उन्हात वाळतं आणि दुसरं टोक सावलीत झोपतं. कारभाऱ्याच्या सायकलीला ब्रेक नाही, उतारावरून निघाला की थेट सासुरवाडीच्या उकिरड्यात थांबतो. कारभारी पाहुण्याला चहा पाजतो तेव्हा साखर चमच्याला नुसती लांबून दाखवतो. त्याच्या दारची बकरी म्हणते, दाढी माझी आणि मान याला. अशी सतरा. बाया हसून हसून बेजार झाल्या, पण गाणं मोडू नये म्हणून त्यांनी ओढण्या तोंडावर ओढून घेतल्या. त्यांचे खांदे गदगदा हलू लागले. गोरमाटी बोली न कळणाऱ्या त्या पोरांना वाटलं, बाया रडताहेत. एकानं तर रुमालानं डोळे पुसले.

पुढे गेम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी त्यांनी तो तांड्यातल्याच एका मास्तरांना दाखवला. गेममध्ये लग्न लागलं, नवरी निघाली, गाणं वाजलं आणि मास्तर हसता हसता खुर्चीवरून घसरले. अर्थ कळल्यावर अमाननं घाबरून रुपाबाईला फोन केला. "आजी, ते लग्न आम्ही पूर्ण काढून टाकलं." तिनंही मनावर घेतलं नाही. पुढे गेमच बंद पडला असं कळलं. रुपाबाईच्या लेखी ती गाळ मेली आणि राख नाल्यात गेली.

आणि आता ती करणच्या पेनड्राइव्हमध्ये जिवंत होती.

पाहुणे गेल्यावर रुपाबाईनं रुचिकाला जवळ बसवून सगळं सांगितलं. रुचिका आधी पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली.

"दादी, हे भर मांडवात वाजलं तर तो बुढा उठून जाईल."

"जाईनच. सोबत नवरदेव घेऊन जाईन."

"मला तो आवडला, दादी." रुचिका पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली.

"माहीत हाय मले. मी काय बहिरी हावो? उद्या कारंज्याले चाल. ज्यानं गाडलं नाई, त्यालेच जाऊन इचारू."

दुसऱ्या दिवशी दोघी मानोऱ्याहून एसटीत बसल्या. अमान आता पस्तिशीचा झाला होता. वडलांच्या बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीवर त्यानं कंप्युटर मांडले होते, लग्नपत्रिका आणि पाट्या करून द्यायचा. रुपाबाईला पाहताच तो उठून उभा राहिला.

"आजी! तुम्ही? बसा, बसा. अम्मीला सरबत पाठवायला सांगतो."

"सरबत मंग. तू मले काय म्हनला होता? पूर्न काढून टाकलं?"

अमाननं करणची गोष्ट ऐकली आणि डोकं खाजवलं. "काढलं म्हणजे, आजी, तिथं जायची वाट बंद केली. गाणं आतच राहिलं."

"काहून?"

"काढून पाहिलं होतं ना. गाणं काढलं की विहिरीचं पाणी आटायचं."

"माह्या गान्यानं?"

"तसं नाही. आत प्रत्येक वस्तूला नंबर असतो. मधली एक वस्तू काढली की पुढच्यांचे नंबर सरकतात. आम्ही तेव्हा नवशिके. गाणं काढलं तर विहीर बंद, मांडव काढला तर कुत्री झाडावर चढायची. गेम आठवड्यावर आलेला. मी म्हटलं, राहू द्या सगळं आत, फक्त दार लावून घ्या. कोण येतंय बघायला?"

"माहा नातजावई येते," रुपाबाई म्हणाली.

अमाननं जुनी डिस्क शोधून काढली, गाठोडं उघडावं तसा तो गेम उघडला. पडद्यावर एकेक वस्तू येऊ लागली. तीन पायांचा बैल. चेहरा नसलेली नवरी. होळीभोवती नाचणारी माणसं, पण होळीच नाही. रुचिका पुढे वाकून पाहू लागली. रुपाबाईनं आपलं गाणं लावायला सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीचा तिचा आवाज माडीवर घुमला, आणि साखर-चमच्याच्या कडव्याला ती स्वतःच हसली. आणि लगेच तोंडावर हात धरला.

"आजी, खरं सांगू?" अमान म्हणाला. "तुमचं एकटीचंच नाही आत. त्यांचंही आहे."

"कोनाचं?"

"फुलसिंग काकांचं. याला आम्ही नाव नव्हतं दिलं, नुसता आकडा आहे. करणनं पूर्ण गेम उतरवून घेतला असेल तर हेही त्याच्याकडे आहे, पण त्याला पत्ता नसेल."

त्यानं ते लावलं. आधी गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग एका पुरुषाचा आवाज, पातळ, जरा बसलेला. तो ढावलो गात होता. बाईचं गाणं. 'बेटी ये, बेटी ये' अशी लेकीला हाक त्यात होती. दोन कडवी झाली आणि आवाज तुटला. मग तोच आवाज पोरांना म्हणाला, "बंद करा. हे लावू नका कुठी. बाईचं गानं हाय, लोक हासतीन."

माडीवर कोणी हसलं नाही. अमाननं चष्मा काढून शर्टाला पुसला. रुचिकानं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

पण परतीच्या एसटीत बसल्यावर रुचिकाचा चेहरा उजळला. "दादी, आता काळजीच नाही. त्यांनी डोळे वटारले तर म्हणायचं, थांबा कारभारी, तुमचंही एक गाणं आहे. दोन्ही तांड्यांना ऐकवू?"

रुपाबाईलाही क्षणभर ते गोड वाटलं. फुलसिंगची मिशी खाली येताना दिसली. एसटी खडखडत होती, खिडकीतून वारा येत होता, आणि म्हातारीच्या मनात आणखी एक लग्न उभं राहिलं. फुलसिंगच्या मुलीचं. पोरं गेमसाठी आली त्याच्या महिनाभर आधीचं. फुलसिंगची बायको त्याच्या आदल्या साली गेली होती. पोरगी नांदेडकडे दिली होती, लांब. निघायची वेळ झाली, बायांनी ढावलो धरला. रुपाबाईही त्यात होती. पण नवरी मागं वळून वळून पाहत होती. गळा कोणाचा धरायचा, हेच तिला कळेना. आईच्या वाट्याची कडवी कोणी म्हटलीच नाहीत. आणि फुलसिंग मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, मिशीला पीळ देत. तेव्हा रुपाबाई मनात म्हणाली होती, कसा दगड आहे हा माणूस.

"नाई," ती रुचिकाला म्हणाली.

"का? त्यांनी आपल्याला बोंबलणाऱ्या म्हटलं होतं."

"म्हटलं होतं, म्हनून मी गाळ देली. पन गाळ तोंडावर देतात, माय. मानसाले समोर बसवून, जेवू घालून देतात. माघारी देली त ते चुगली होते. माही गाळ अकरा वर्सांपासून त्या मानसाच्या माघारी पडेल हाय. ते वाईट झालं."

"मग?"

"मंग काय. जाऊन तोंडावर सांगतो."

"ते लग्न मोडतील, दादी."

"मोडू शकते," रुपाबाई म्हणाली. मानोऱ्याला उतरताना रुचिकानं आजीचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाबाई एकटी नाला ओलांडून खालच्या तांड्यात गेली. गूळ खाऊन सोयरीक पक्की होण्याआधी मुलीकडच्या म्हातारीनं मुलाच्या दारात जाणं म्हणजे आक्रीतच. म्हणून ती घरात गेली नाही, गोठ्यापाशी उभी राहिली. फुलसिंग गाईला वैरण टाकत होता. पंचाहत्तर-शहात्तरचा, काटक, मिशी पांढरी झाली होती पण लांबी तीच.

"काहो बाई, इकडं कोनीकडं? पानी घ्या."

"पानी नाई घेत, कारभारी. पयले ऐका. करणजवळ ते माह्या विदाईचं गानं हाय ना, ते विदाई नाई. गाळ हाय. तुमच्या नावानं."

फुलसिंगच्या हातातला पेंढा तसाच राहिला. "माह्या नावानं?"

"तुमी त्या पोरांले म्हनलं होतं, वरच्या तांड्यातल्या बाया बोंबलतात."

"म्हनलं होतं," फुलसिंग म्हणाला. त्यानं नाकारलं नाही, आणि माफीही मागितली नाही. "किती कडवे?"

"सतरा."

"सतरा?" त्यानं पेंढा गाईपुढे टाकला. "माह्यात सतरा खोडी हायेत?"

"तवा सुचल्या." रुपाबाईनं श्वास घेतला. "आनि दुसरी गोष्ट. तुमचंही एक हाय त्यात. ह्याच गोठ्यातलं. करणनं ऐकलं नाई. मी ऐकलं."

गाय वैरण चघळत राहिली.

"आनखीन कोनी ऐकलं?"

"रुचिकानं. त्या अमाननं."

"हासले?"

"नाई."

त्यानं गाईच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. "पोरीच्या आईचेच कडवे होते ते. घरात गुनगुनत राहे. मले येत होते, पन मांडवात म्हनता कसे येतीन? मिशीवाल्या मानसानं?" मग तो एकदम कोरड्या आवाजात म्हणाला, "बरं. गुळाच्या दिवशी पाहू."

एवढंच. ना हो, ना नाही. रुपाबाई परत आली आणि देवलानं विचारलं, "काय म्हनले?" तर ती म्हणाली, "पाहू म्हनले." देवलानं डोकं धरलं. मानी माणसाचं पाहू म्हणजे काय, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

गुळाचा दिवस वैशाखातला होता. देवलाच्या दारापुढे कापडाचा मांडव घातला, दोन्ही तांड्यांची माणसं आली. ऊसतोडीहून परतलेली माणसं होती, पोरंसोरं होती, जुन्या दिवसासारखे आरशांचे घागरे घालून आलेल्या चार-दोन म्हाताऱ्याही होत्या. रीत अशी, की मुलाकडच्या कारभाऱ्यानं आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचा, मग सगळ्यांना वाटायचा. त्यानं टाकला की सोयरीक पक्की. तो उठून गेला की सगळं मोडलं.

देवलानं परातीतला सगळ्यात मोठा खडा फुलसिंगच्या हातावर ठेवला. फुलसिंगनं तो घेतला, पण तोंडाकडे नेला नाही.

"थांबा," तो म्हणाला. "पयले विदाई ऐकू."

करण खूश होऊन स्पीकरकडे धावला. "आबा, मी तर लगनात लावनार होतो. आता लावू?"

"इकडं दे तो पेनड्राइव्ह." करणनं दिला. फुलसिंगनं तो बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि वरून थोपटला. "बाई समोर बसेल असताना डबा कायले वाजवाचा? म्हना, बाई. सतराच्या सतरा."

रुपाबाईनं रुचिकाकडे पाहिलं. पोरीनं मान हलवली. मग म्हातारीनं ओढणी सावरली, तोंड फुलसिंगकडे केलं आणि पहिलं कडवं उचललं.

मिशीच्या कडव्याला कोणी श्वास घेतला नाही. सायकलीच्या कडव्याला मागून एक पोरगं खुदकन हसलं, त्याच्या आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. साखरेच्या कडव्याला वरच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी, अकरा वर्षांपूर्वी ओट्यावर बसल्या होत्या त्यांनीच, ओढण्या तोंडावर घेतल्या आणि मागची ओळ उचलली. फुलसिंग मात्र ताठ बसून होता. उन्हानं त्याच्या तळहातावरचा गूळ पाघळायला लागला होता. देवला त्या गुळाकडे पाहत होता, करण आजोबांच्या तोंडाकडे. रुपाबाई गात राहिली. आवाज आधी जरा कापला, पण बकरीच्या कडव्यापर्यंत तो मोकळा झाला, आणि सतरावं कडवं तिनं असं सोडलं, की नाल्यापलीकडची कुत्री भुंकली.

"झालं?" फुलसिंगनं विचारलं.

"झालं."

"तीन चुका हायेत. सायकलीले ब्रेक होता, मागचा. साखर मी चमच्याले दाखवत नव्हतो, माही माय दाखवे, मी नुसता उभा राहो. आनि ते दाढी बकरीची नाई, बोकडाची पाह्यजे. बकरीले एवढी दाढी नसते."

"आनि मिशी?" रुपाबाईनं विचारलं.

"मिशीचं बरोबर हाय."

कोणालाच कळेना, हसावं की काय करावं. फुलसिंग उभा राहिला. देवलाही अर्धवट उठला. पण फुलसिंग कुठं निघाला नव्हता, त्याला सगळ्यांना दिसायचं होतं.

"माह्या तीन लेकांचे लगन झाले," तो म्हणाला. "तिन्ही ठिकानी पंगतीत भोंगा लावला. एकाही बाईनं मले गाळ देली नाई. मी मुकाट्यानं जेवलो आनि उठलो, मुनीम जेवते तसा. आता मले सांगा, पंचहो, गाळ कोनाले देतात?"

"इवायाले!" दोन-चार म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या.

"दुसऱ्या कोनाले देतात?"

"नाई देत!"

"म्हंजे ह्या बाईनं मले अकरा वर्सांआधीच इवाई करून टाकलं आनि मलेच पत्ता नाई. तवा हे पोट्टे शाळेत नाक पुसत होते. मंग आता ह्या गुळाले एवढा उशीर काहून?" आणि त्यानं तो पाघळलेला खडा तोंडात टाकला, बोटं चाटली.

मांडवात असा गलका उठला, की परातीतला गूळ कोणी वाटला आणि कोणी लुटला ते कळलं नाही. देवला मटकन खाली बसला. करण रुचिकाजवळ जाऊन विचारत होता, "म्हंजे तो ढावलो नव्हता? आनि मी तीन महिने कानावर हात ठेवून?" रुचिकाला हसू आवरेना.

फुलसिंगनं आपल्या सुनेला, करणच्या आईला, हात केला. "काय वो, बसून काय राह्यल्या? आपल्याले तोंड नाई काय? इहीनबाईले परत करा. मी सांगतो, तुमी जोडा."

खालच्या तांड्याच्या बाया एकमेकींना ढकलत पुढे आल्या. पहिल्यांदा लाजल्या, सवयच उरली नव्हती. मग करणच्या आईनं धीर केला. इहीनबाई तपकीर ओढून शिंकली, की मानोऱ्याची एसटी सुटायची वेळ झाली म्हणून ड्रायव्हर घंटी मारतो. इहीनबाईच्या घरात पेटी एक आणि कुलपं सात, किल्ली कुठली ते तिलाच माहीत नाही. फुलसिंग बाजूला बसून सुनेच्या कानात एकेक खोड सांगत होता, आणि ती प्रत्येक खोडीवर हसून हसून अर्धी ओळ विसरत होती.

रुपाबाई ओढणी तोंडावर घेऊन ऐकत होती. सत्तर वर्षांत तिनं किती व्याह्यांना गाळ दिली असेल, मोजदाद नव्हती. तिच्या नावानं कोणी गायलं नव्हतं. घरात मुलगी नव्हती, मुलाच्या लग्नाला दुष्काळ पडला होता, चार माणसांत उरकलं. नववं कडवं झालं आणि खालच्या तांड्याचा दम संपला. बाया धापा टाकत थांबल्या.

रुपाबाईनं ओढणी बाजूला केली. डोळे ओले होते, पण आवाज अगदी टवटवीत होता.

"बस?" ती म्हणाली. "नऊच? एवढ्याच खोडी हायेत काय वो माह्यात? कारभाऱ्याले सतरा, आनि मले नऊ? बसा खाली, पानी प्या, आनि उरलेले आठ म्हना. त्याच्याबिगर मी कोनाले जेवाले वाढू देत नाई."